देवीचा विषाणू आणि दहशतवादाचं भय



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर सार्वजनिक आरोग्याचं काम केलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून साथीच्या एका रोगाबद्दल बोलायला मिळतंय, याचा मला आनंद आहे. संयोजकांनी प्रश्न थेट विचारला आहे. देवीचा विषाणू हाती घेऊन कोणी दहशतवादी हल्ला करू शकेल काय? हा धोका खरा मानायचा की नाही?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. एखाद्या दहशतवादी टोळीने देवीची साथ पसरवण्याची शक्यता फार कमी आहे. शून्य नाही, पण फार कमी. मात्र एवढं ऐकून निश्चिंत होऊ नका. देवीचा विषाणू शस्त्र म्हणून वापरायचं आजवर कोणी कोणी मनात आणलं, रोग संपल्यानंतरही तो माणसाला कुठून भिडला, याचा शोध घेत गेलं की आपण दहशतवाद्याच्या दारात पोहोचतच नाही. पोहोचतो ते सैन्याच्या छावणीत, सरकारी कारखान्यात, नाहीतर प्रयोगशाळेच्या शीतपेटीपाशी. माझ्या आजच्या बोलण्याचा रोख तिकडे आहे.

सभागृहात तरुण मंडळी पुष्कळ दिसतात, म्हणून दोन शब्द रोगाबद्दल. देवी फक्त माणसाला होतात. लागण झाल्यावर साधारण बारा-चौदा दिवस बाहेरून काही कळत नाही. मग सडकून ताप येतो, पाठ धरते, माणूस अंथरुणाला खिळतो. दोन-चार दिवसांनी तोंडात, चेहऱ्यावर, हातापायांवर पुरळ उठतं. त्याचे टणक फोड होतात, फोडांत पू भरतो, शेवटी खपल्या धरतात. लस न टोचलेल्या शंभर जणांना मोठ्या, म्हणजे तीव्र प्रकारच्या, देवी आल्या, तर तीसेक जण दगावत. जगत त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत, कित्येकांची दृष्टी जाई. विसाव्या शतकात या एका रोगाने जगभरात तीस कोटींच्या आसपास माणसं नेली, असा अंदाज केला जातो.

ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातल्या मर्का गावी अली माओ मालिन या इस्पितळातल्या स्वयंपाक्याला देवी आल्या. निसर्गतः लागण झालेला जगातला तो शेवटचा रुग्ण. तो बरा झाला. पुढे पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरला आणि २०१३ साली त्याच कामावर असताना हिवतापाने गेला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

रोग गेला, पण विषाणू राहिला. कुठे राहिला?

अधिकृतपणे दोन ठिकाणी. ज्या देशांच्या प्रयोगशाळांत देवीचे नमुने होते, त्यांनी ते नष्ट करावेत किंवा दोनपैकी एका केंद्रात जमा करावेत, असं ठरलं होतं. एक केंद्र अमेरिकेत अटलांटाला. दुसरं मॉस्कोत, तिथला साठा १९९४ साली सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कजवळ कोल्त्सोव्होच्या ‘व्हेक्टर’ या संस्थेत हलवला गेला. बाकीच्या देशांनी ‘आमच्याकडे आता काही नाही’ असं लिहून दिलं. ते लिहून दिलेलं खरं धरलं गेलं. प्रत्येक देशात जाऊन कपाटं उघडून पाहणारी तपासणी कधी झाली नाही. तेव्हा ‘आणखी कोणाकडे आहे काय?’ या प्रश्नाला ठाम ‘नाही’ म्हणण्याची सोय आपल्यापाशी नाही. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

देवीला शस्त्र करायची कल्पना जुनी आहे. १७६३ साली उत्तर अमेरिकेत पाँटिअ‍ॅक या ओटावा सरदाराच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवाशांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. फोर्ट पिट या किल्ल्याला वेढा पडला. किल्ल्यात देवीची साथ होती. बोलणी करायला आलेल्या मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींना जाताना देवीच्या इस्पितळातली दोन घोंगडी आणि एक रुमाल भेट म्हणून दिला गेला. तिथे असलेल्या विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्याने आपल्या रोजनिशीत हे नोंदवून ठेवलं आहे. सेनापती जेफ्री अ‍ॅमहर्स्टच्या पत्रांतही असाच विचार आढळतो. त्या घोंगड्यांमुळे साथ पसरली की ती आधीपासूनच होती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण हेतूबद्दल शंका नाही. आणि हेतू कोणाचा होता? एका साम्राज्याच्या सैन्याचा.

आता विसाव्या शतकात या. या भागावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या प्रश्नाचं मर्म इथे आहे.

१९५८ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस इथे जागतिक आरोग्य सभेची बैठक होती. तिथे सोव्हिएत संघाचे उप-आरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी सगळ्या जगातून देवी हटवण्याचा ठराव मांडला. नुसता ठराव मांडून ते थांबले नाहीत. सोव्हिएत संघाने गोठवून सुकवलेली, उन्हाळ्यातही टिकणारी लस पुढची कित्येक वर्षं फुकट पुरवली. भारताला आलेल्या कोट्यवधी मात्रा त्यातल्याच. आपल्या देशातल्या असंख्य दंडांवर टोचली गेलेली लस मॉस्कोहून आलेली होती. हे ऋण मोठं आहे आणि ते कृतज्ञतेनेच सांगितलं पाहिजे.

पण त्याच देशात, त्याच काळात, दुसऱ्या एका खात्यात काय चाललं होतं? कनातजान अलिबेकोव हे सोव्हिएत जैविक शस्त्रांच्या कार्यक्रमातले वरिष्ठ अधिकारी १९९२ साली अमेरिकेत निघून गेले. पुढे केन अलिबेक या नावाने त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून रोगनिर्मूलनासाठी आयुष्य वेचलेली माणसं सुन्न झाली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मॉस्कोजवळच्या झागोर्स्क इथे युद्धात वापरण्यासाठी देवीचा विषाणू टनावारी तयार करून ठेवला जात होता. वीस टन हा आकडा त्यांनी दिला आहे. त्यासाठी निवडलेला वाण कुठला? १९६७ साली भारतातून नेलेला. इथल्या कुण्या आजाऱ्याच्या अंगावरच्या फोडातून घेतलेला नमुना रोग हटवण्याच्या कामी येईल, या विश्वासाने गेला आणि शस्त्राच्या कामी लागला. अलिबेक यांच्या काही दाव्यांवर तज्ज्ञ शंका घेतात, आकडे फुगलेले असतील असं म्हणतात. तो भाग सोडून द्या. असा कार्यक्रम होता, हे आज कोणी गंभीरपणे नाकारत नाही. जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७२ साली सह्यांसाठी खुला झाला, १९७५ साली अमलात आला, आणि सोव्हिएत संघाने त्यावर सही केलेली होती.

१९७१ साली कझाकस्तानात अरल समुद्राच्या काठी अराल्स्क नावाच्या बंदरगावात देवी उद्भवल्या. दहा जणांना लागण झाली, तिघं दगावली. ती तिघंही लस न टोचलेली होती. गाव बंद केलं गेलं, हजारो लोकांना टोचलं गेलं. सगळं काही आठवड्यांत आटोक्यात आलं, पण बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागायला तीस वर्षं गेली. पहिली रुग्ण होती अरल समुद्रावर फिरणाऱ्या एका संशोधन-जहाजावरची तरुण स्त्री. त्या समुद्रात व्होझ्रोझ्देनिया नावाचं बेट होतं आणि त्या बेटावर जैविक शस्त्रांच्या चाचण्या घेतल्या जात. जहाज त्या बेटाजवळून गेलं तेव्हा चाचणीतला विषाणू वाऱ्यावर आला असावा, असा काही तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. एका माजी सोव्हिएत अधिकाऱ्यानेही तसं बोलून दाखवलं. ज्या सरकारने हे घडवलं, त्याला जागतिक आरोग्य संघटनेला एक ओळ कळवायचंही बंधन वाटलं नाही. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. आजार लपवणारं सरकार हे दहशतवाद्याहून कमी धोकादायक असतं काय?

दुसरी हकीकत इंग्लंडमधली, १९७८ सालची. मर्कातल्या त्या स्वयंपाक्याला बरं होऊन वर्षही झालं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्या जॅनेट पार्कर यांना देवी आल्या. त्यांची खोली देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर. विषाणू वर कसा पोहोचला, यावर आजही वाद आहे. त्या सप्टेंबरमध्ये वारल्या. देवीने गेलेली जगातली शेवटची व्यक्ती त्या. त्यांच्या आईलाही लागण झाली, पण त्या वाचल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख हेन्री बेडसन यांनी या धक्क्याने आत्महत्या केली.

तिसरी हकीकत अलीकडची. जुलै २०१४ मध्ये वॉशिंग्टनशेजारच्या बेथेस्डा इथल्या सरकारी आवारात, थंड खोलीच्या एका कोपऱ्यात एक खोका सापडला. त्यात १९५४ सालच्या काचेच्या कुप्या होत्या, त्यांतल्या सहांवर देवीच्या विषाणूचं नाव होतं. तपासणीत दोन कुप्यांतला विषाणू जिवंत निघाला. साठ वर्षांनंतर! कोणी चोरून ठेवलेला नव्हता, दडवलेला नव्हता. ठेवणारे विसरून गेले होते. जगात दोनच ठिकाणी साठा आहे असं ज्या देशाचे प्रतिनिधी दर सभेत सांगत होते, त्याच देशात तो तिसऱ्या ठिकाणी पडून होता.

आता आपण दहशतवादी टोळ्यांकडे वळू. त्यांनी जैविक हल्ले केलेच नाहीत काय? केले आहेत. १९८४ साली अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात द डॅलस या गावी उपाहारगृहांतल्या कच्च्या भाज्यांत सॅल्मोनेला जिवाणू मिसळले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली. स्थानिक निवडणुकीत विरोधकांचं मतदान कमी व्हावं, हा हेतू होता. करणारे होते आचार्य रजनीशांच्या तिथल्या वसाहतीतले काही अनुयायी. या पंथाचा आश्रम पुण्यात कोरेगाव पार्कला होता, हे आपल्याला माहीत आहेच. सुदैवाने त्या हल्ल्यात कोणी दगावलं नाही.

दुसरं उदाहरण जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाचं. या लोकांकडे काय नव्हतं? अफाट पैसा, स्वतःच्या इमारती, विद्यापीठांतून शिकलेले शास्त्रज्ञ. १९९३ साली त्यांनी टोकियोत इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्स फवारला. शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केली, आजारी कोणीच पडलं नाही. त्यांनी मिळवलेला वाण जनावरांच्या लसीतला होता. शेवटी १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत त्यांनी माणसं मारली, ती सरीन या रासायनिक विषाने. आणि अँथ्रॅक्स तर मातीत सापडणारा जिवाणू आहे. देवीचा विषाणू मातीत नाही, प्राण्यांत नाही, पाण्यात नाही. तो मिळवायचा तर त्या दोन शीतपेट्यांतून, किंवा कोणा सरकारने दडवलेल्या तिसऱ्या शीतपेटीतून. टोळीसमोरची पहिली भिंत ही, आणि ती फार उंच आहे.

तिसरं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत अँथ्रॅक्स भरलेली पत्रं आली. पाच माणसं मेली, सतरा आजारी पडली. सगळं बोट परदेशी दहशतवाद्यांकडे होतं. अमेरिकी तपास यंत्रणेने शेवटी निष्कर्ष काढला तो त्यांच्याच सैन्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाविरुद्ध. त्या शास्त्रज्ञाने खटला उभा राहण्याआधीच जीवन संपवलं, त्यामुळे न्यायालयात काही सिद्ध झालं नाही. पण ते जिवाणू सैन्याच्या प्रयोगशाळेशी जोडलेले होते, हे तपासात पुढे आलं. पुन्हा आपण शीतपेटीपाशीच आलो.

एक गोष्ट मात्र बदलली आहे आणि ती झाकून ठेवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. २०१८ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या एका गटाने घोड्यांच्या देवीचा विषाणू मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांपासून नव्याने उभा केल्याचं प्रसिद्ध केलं. हा देवीच्याच कुळातला, पण माणसाला निरुपद्रवी मानला जाणारा. खर्च सुमारे एक लाख डॉलर. देवीच्या विषाणूचा जनुकसंच तर नव्वदच्या दशकातच वाचून झाला आणि छापून आला. याचा अर्थ, शीतपेटीची भिंत तत्त्वतः ओलांडता येते. तरी लक्षात घ्या, हे काम करणारा गट अनुभवी विषाणुशास्त्रज्ञांचा होता, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतला होता. ओम शिनरिक्योसारख्यांना अँथ्रॅक्ससुद्धा जमला नाही. म्हणून मी ‘फार कमी’ म्हणतो आणि ‘शून्य’ म्हणत नाही. दर दहा वर्षांनी हे वाक्य पुन्हा तपासावं लागेल, हेही सांगतो.

आता क्षणभर धरून चला की हल्ला झालाच. देवी आल्याच. मग पुढे काय?

जून २००१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर एक रंगीत तालीम झाली. तिला ‘डार्क विंटर’ असं नाव होतं. माजी सिनेटर सॅम नन यांनी राष्ट्राध्यक्षाची भूमिका केली. तीन राज्यांत देवीचा हल्ला झाल्याचं कल्पून निर्णय घ्यायचे होते. तालमीच्या शेवटी दहा लाख मृत्यूंचा अंदाज समोर होता. पुढच्या कित्येक वर्षांची धोरणं या तालमीच्या सावलीत ठरली. पण तिच्यात गृहीत काय धरलं होतं? प्रत्येक रुग्णापासून दहा जणांना लागण होते. जुन्या साथींच्या नोंदींवरून काढलेले अंदाज मात्र साधारण साडेतीन ते सहाच्या घरात येतात. दहा धरलं की रकाने भराभर फुगतात आणि मग माणसाच्या हाती काही उरतच नाही असं वाटू लागतं.

प्रत्यक्षात देवी कशा पसरतात? गोवरापेक्षा पुष्कळ सावकाश. ताप येईपर्यंत माणसापासून लागण होत नाही. लागण सर्वांत जास्त होते ती पुरळ उठल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तोवर रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो. बाजारात, रेल्वेत, लग्नात फिरत नाही. लक्षणं न दिसता रोग वाटत फिरणारा माणूस करोनात होता, देवीत नाही. रोग लपत नाही, चेहऱ्यावर उमटतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, रुग्णाशी संपर्क आल्यानंतर तीन-चार दिवसांच्या आत लस टोचली, तरी बहुतेकांचा बचाव होतो किंवा आजार सौम्य होतो. किती साथींबद्दल आपल्याला असं म्हणता येतं?

युगोस्लाव्हियाची गोष्ट ऐका. त्या देशात १९३० नंतर देवीचा रुग्ण झाला नव्हता. फेब्रुवारी १९७२ मध्ये कोसोव्होतला एक यात्रेकरू इराकमार्गे घरी परतला. त्याच्यापासून सुरू झालेली साखळी महिनाभर कोणाच्या लक्षात आली नाही. एक तरुण शिक्षक तर एका इस्पितळातून दुसऱ्यात हलवला गेला. डॉक्टरांनी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी समजून उपचार केले आणि त्याच्यापासून ३८ जणांना लागण झाली. देवी पाहिलेला डॉक्टरच राहिला नव्हता! पण एकदा निदान झाल्यावर यंत्रणा हलली. गावांच्या वाटा अडवल्या, संपर्कात आलेल्या सुमारे दहा हजार माणसांना हॉटेलांत वेगळं ठेवलं, दोन कोटींच्या देशात एक कोटी ऐंशी लाखांना टोचलं. १७५ रुग्ण, ३५ मृत्यू, आणि दोनेक महिन्यांत साथ संपली. या आकड्यांत नुकसान दिसतं आणि मर्यादाही दिसते. निदानाला झालेला एक महिन्याचा उशीर किती महाग पडला, तेही दिसतं.

आपल्या देशाची गोष्ट याहून मोठी आहे. १९७४ साली भारतात देवीचे सुमारे एक लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले, ३१ हजारांहून अधिक माणसं गेली. बिहारमध्ये तर मे महिन्यात असा कहर होता की पाटण्याला बसलेल्या कार्यकर्त्यांचा धीर सुटायची वेळ आली होती. त्याच महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाला, आणि अणुशक्तीच्या या देशाला देवी आवरत नाहीत अशी टीका परदेशी वर्तमानपत्रांनी केली. आणि बरोबर एका वर्षाने काय झालं? मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला भारतातला शेवटचा रुग्ण नोंदवला गेला.

हे कसं झालं? सगळ्यांना सरसकट टोचत सुटून झालं नाही. ते तर दीडशे वर्षं चाललंच होतं. विल्यम फेगी या अमेरिकी डॉक्टरने नायजेरियात लस अपुरी असताना वेगळा मार्ग काढला होता. वणवा अडवायला जंगलात जाळरेषा काढतात, तशी रुग्णाभोवती लस टोचलेल्या माणसांची रेषा काढायची. रुग्ण शोधा, त्याच्याशी संपर्क आलेले शोधा, त्यांना टोचा, आग पुढे सरकायला जागाच ठेवू नका. पण त्यासाठी आधी रुग्ण सापडायला हवा. म्हणून लाखाहून अधिक आरोग्य कर्मचारी एका आठवड्याच्या शोधात गावोगाव, घरोघर फिरले. हातात देवी आलेल्या बाळाच्या छायाचित्राचं कार्ड. असा कोणी दिसला का, एवढाच प्रश्न. शाळेत विचारायचं, आठवडी बाजारात विचारायचं, कळवणाऱ्याला बक्षीस, आणि ते बक्षीस शेवटी हजार रुपयांपर्यंत नेलं. सुई दोन टोकांची, साधी, शिकायला काही मिनिटं पुरत. या कामाला अद्ययावत यंत्रं लागली नाहीत. पायांनी चालणारी, खरं बोलणारी, वेळेवर कळवणारी माणसं लागली.

म्हणून मी म्हणतो, देवीचा हल्ला झालाच तर त्याने माणसं मरतील, दुःख होईल, पण जग बुडणार नाही. तो अडवता येतो. अडवायची रीत आपल्याच देशाने सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली आहे.

आणि भीती वेगळी माणसं मारते. २००२ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी देवीची लसमोहीम जाहीर केली. इराककडे विषाणू असेल, हे कारण. पहिल्या टप्प्यात पाच लाख आरोग्यसेवकांना टोचायचं ठरलं. प्रत्यक्षात चाळीस हजारही पुढे आले नाहीत. जुनी लस पहिल्यांदा टोचून घेणाऱ्या दहा लाखांत एक-दोन जण दगावतात, हे डॉक्टरांना माहीत होतं. काहींच्या हृदयाला सूज आल्याचंही दिसू लागलं. समोर रोग नसताना ही किंमत का मोजायची? त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. इराकवर युद्ध झालं, आणि देवीचा कोणताही साठा तिथे सापडला नाही.

भीतीचं आपलं उदाहरण १९९४ सालचं. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलेलं. बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. पाठोपाठ सुरतेला फुफ्फुसाचा प्लेग आल्याची बातमी पसरली. मृत्यू झाले पन्नासच्या आसपास. पण लाखो माणसं सुरत सोडून पळाली, त्यांत डॉक्टरही होते. विमानं बंद झाली, परदेशांनी आपला माल अडवला. पन्नास मृत्यूंनी एवढं होऊ शकत असेल, तर हल्लेखोराला खरा विषाणू लागतो कशाला, असा प्रश्न माझ्या मनात येतो. त्याला अफवा पुरेल. म्हणून माणसांना खरं आणि वेळेवर सांगणं हा संरक्षणाचाच भाग आहे. अराल्स्कमध्ये जे केलं गेलं, त्याच्या नेमकं उलट.

मग आज आपण कुठे आहोत? दोन बाबतींत १९७५ पेक्षा कमकुवत. पहिली, प्रतिकारशक्ती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देवी काढणं थांबलं, त्यामुळे आज पंचेचाळिशीच्या आतल्या कोणालाही ही लस मिळालेली नाही. त्याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे: देवीच्याच कुळातला मंकीपॉक्स २०२२ साली जगभर पसरला. जुलैत केरळात कोल्लमला भारतातला पहिला रुग्ण सापडला. त्याचे नमुने तपासले पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने. दुसरी, ओळख. आज दवाखान्यात बसणाऱ्या बहुतेक डॉक्टरांनी देवीचा रुग्ण पाहिलेला नाही. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर जास्त, देवीचे चेहऱ्यावर आणि हातापायांवर, अगदी तळहात-तळपायांवरसुद्धा. कांजिण्यांत एकाच वेळी कोवळे आणि सुकलेले फोड शेजारी दिसतात, देवीत एका भागावरचे सगळे फोड एकाच वयाचे. हे वैद्यकीयच्या पुस्तकात आहे. पण पाठ केलेलं आणि पाहिलेलं यात अंतर असतं, आणि युगोस्लाव्हियाने त्या अंतराची किंमत मोजली.

दोन बाबतींत आपण बलवानही आहोत. नव्या लसी आहेत, त्यांतली एक तर शरीरात वाढत नाही, त्यामुळे पुष्कळ सुरक्षित. देवीसाठी २०१८ आणि २०२१ साली अमेरिकेत दोन औषधं मंजूर झाली. त्यांतलं पहिलं मंकीपॉक्सच्या चाचणीत अपेक्षेएवढं उपयोगी ठरलं नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. आणि आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षणाची यंत्रणा आहे, गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांना वेळेवर मानधन द्या, त्यांचा फोन तालुक्याला उचलला जाईल असं करा. मेळघाटात किंवा धडगावला अनोळखी पुरळ दिसलं, तर ते दोन दिवसांत पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलं पाहिजे. ही व्यवस्था देवीसाठी उभारली तरी गोवराला, प्लेगला, उद्याच्या कुठल्याही अज्ञात तापाला उपयोगी पडेल. देवी कधी आल्याच नाहीत तरी तिचा एक रुपयाही वाया जाणार नाही.

उरतो त्या दोन शीतपेट्यांचा प्रश्न. विषाणू नष्ट करायची तारीख पूर्वी ठरली होती, १९९९ ची. ती पुढे ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली गेली. नवी लस, नवं औषध, नव्या तपासण्या यांसाठी जिवंत विषाणू हवा, असा युक्तिवाद होता. काही काळ त्यात तथ्य होतं. आता लसी आहेत, औषधं आहेत, जनुकसंच छापलेला आहे. डॉ. डी. ए. हेंडरसन, ज्यांनी जागतिक मोहिमेचं नेतृत्व केलं, ते अखेरपर्यंत साठा नष्ट करण्याच्या बाजूने होते. ‘कृत्रिमरीत्या बनवता येतोच, मग नष्ट करून काय साधणार?’ असं विचारलं जातं. साधेल हे, की त्यानंतर जगात कुठेही, कोणत्याही सरकारच्या ताब्यात देवीचा विषाणू सापडला तर तो गुन्हा ठरेल. आज तो दोन देशांच्या बाबतीत गुन्हा नाही, अधिकार आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘व्हेक्टर’च्या इमारतीत दुरुस्ती चालू असताना वायूचा स्फोट होऊन आग लागली. विषाणू तिथे नव्हता असं सांगितलं गेलं, आणि मी ते खरं धरतो. पण असं सांगण्यावर विसंबून राहायची वेळच का यावी?

या प्रश्नात भारताने मागे बसू नये, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. कोल्त्सोव्होच्या साठ्यात भारतातून गेलेले नमुने आहेत. अटलांटा आणि कोल्त्सोव्होत काय ठेवायचं, हे ठरवताना ज्यांच्या अंगावरून ते घेतले गेले त्यांच्या देशाचा शब्द पहिल्या रांगेत असायला हवा. जागतिक आरोग्य सभेच्या येत्या बैठकीत आपल्या प्रतिनिधींनी एकच गोष्ट मागावी: दोन्ही साठे नष्ट करण्याची तारीख, आणि त्या दिवशी तिथे हजर राहणाऱ्या निरीक्षकांत भारताचा एक.